वाचक, ज्याला लिहिता येत नव्हतं : आरंभीच्या ख्रिस्ती इतिहासावर रहस्यकादंबरी कशी रचावी

इ. स. ३०४, फेब्रुवारीची ५ तारीख. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस शहरात अमोनियस नावाचा माणूस सरकारी अधिकाऱ्यांपुढे प्रतिज्ञापत्र देतो आहे. पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या त्या काळच्या कागदावर, त्याची ओळख 'ख्यूसिस गावच्या पूर्वीच्या चर्चचा वाचक' अशी नोंदवली आहे. 'पूर्वीच्या' म्हणायचं कारण, सम्राट डायोक्लेशियनच्या हुकमाने ते चर्च बंद झालं आहे आणि त्याची मालमत्ता जप्त व्हायची आहे. अमोनियस शपथेवर सांगतो की चर्चकडे सोनं नाही, चांदी नाही, रोकड नाही, कपडे नाहीत, जनावरं नाहीत, गुलाम नाहीत, जमीनजुमला नाही, दानात किंवा मृत्युपत्राने मिळालेलंही काही नाही. काय तो थोडा ब्राँझचा ऐवज सापडला, तो अलेक्झांड्रियाला पाठवण्यासाठी जमा केला आहे. आणि अगदी शेवटी लिहिलं आहे की अमोनियसला अक्षरं येत नसल्यामुळे त्याच्या वतीने सेरेनसने हे लिहिलं.

वाचक हे त्या काळच्या मंडळीतलं, म्हणजे एखाद्या गावच्या ख्रिस्ती उपासकांच्या समूहातलं, एक पद. जमलेल्या लोकांपुढे पवित्र ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवायचे, हे त्याचं काम. मग त्याला अक्षरं कशी येत नाहीत? आणि एवढ्या लांबलचक यादीत ग्रंथांचा उल्लेख का नाही?

धर्मगुरू, जुनी हस्तलिखितं आणि पहिल्या काही शतकांचा ख्रिस्ती इतिहास यांवर मराठीत रहस्यकादंबरी लिहू पाहणाऱ्यांचे कच्चे खर्डे मी वाचत असतो. बहुतेकांची सुरुवात व्हॅटिकनच्या तळघरात होते. काळ्या झग्यातला माणूस, कुलूपबंद पेटी, दोन हजार वर्षं दडवलेलं सत्य. खरा इतिहास मोडून खोट्या रहस्यासाठी जागा करायची, ही त्यामागची रीत. मला ती मनापासून चुकीची वाटते, आणि तिची गरजही नाही. खऱ्या कागदांमध्ये इतक्या मोकळ्या जागा आहेत की एकेका जागेत एकेक कादंबरी मावेल. ती जागा कशी शोधायची आणि तिच्यावर कथा कशी उभी करायची, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी : काळ आवळून घ्या

'आरंभीचा ख्रिस्ती काळ' म्हणून चालत नाही. इ. स. ६० चं रोम आणि इ. स. ३६० चं अलेक्झांड्रिया यांत तीनशे वर्षांचं अंतर आहे. आपण शिवकाळ आणि आजचा काळ एका परिच्छेदात मिसळत नाही, तसंच हेही. चार-पाच खुंट्या पक्क्या करा. २५० साली सम्राट डेशियसने सगळ्यांना देवतांपुढे बळी अर्पण करून दाखला घ्यायला लावला. असे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. २४ फेब्रुवारी ३०३ रोजी डायोक्लेशियनचा पहिला हुकूम निघाला: चर्च पाडा, ग्रंथ जाळा. बाजारचौकात ग्रंथ जळताना आपण पाहिले, असं युसेबियस या बिशप-इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी धर्मस्वातंत्र्य दिलं. ३२५ मध्ये नायसियाची परिषद, म्हणजे बिशपांची मोठी सभा, भरली. ३६७ साली अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी आपल्या ईस्टरच्या पत्रात नव्या कराराच्या २७ पुस्तकांची यादी दिली. आज छापली जाणारी यादी तीच.

या खुंट्यांमधलं एकच अंतर निवडा. शक्य तर एकच वर्ष. मी ३०३ ते ३०४ हे वर्ष निवडायला सांगतो, कारण त्या वर्षात प्रत्येक मंडळीपुढे एकच जीवघेणा प्रश्न होता: ग्रंथ द्यायचे की लपवायचे? जे देत, त्यांना लॅटिनमध्ये 'त्रादितोर' म्हणजे 'हवाली करणारा' म्हणू लागले. गद्दारासाठी इंग्रजीत रुळलेला 'ट्रेटर' त्याच मुळापासून आला. कादंबरीतली संशयाची सुई फिरवायला याहून चांगलं वर्ष मला माहीत नाही.

दुसरी पायरी : कागदातली फट शोधा आणि तिची सगळी उत्तरं मांडा

अमोनियसकडे परत जाऊ. प्रश्न सापडला म्हणजे कथा सापडली असं नाही. प्रश्नाची जेवढी प्रामाणिक उत्तरं निघतील तेवढी आधी कागदावर मांडा.

एक, त्याला ग्रीक येत नव्हतं, पण कॉप्टिक, म्हणजे इजिप्तची स्थानिक भाषा, येत होती. प्रतिज्ञापत्र ग्रीकमध्ये असल्याने कारकुनाच्या लेखी तो निरक्षर. दोन, त्याला खरंच वाचता येत नव्हतं. आपले कीर्तनकार शेकडो अभंग तोंडपाठ म्हणतात, तसे त्याला उतारेच्या उतारे पाठ होते. तीन, त्याला सगळं येत होतं, पण ही शपथ सम्राटांच्या दैवाच्या नावाने होती आणि तिच्याखाली स्वतःच्या हाताने नाव लिहायला त्याचं मन तयार नव्हतं. चार, 'मला अक्षरं येत नाहीत' म्हटलं की पुढचा प्रश्नच मिटतो: ज्याला वाचता येत नाही, त्याच्या घरात ग्रंथ कशाला शोधायचे?

या प्रत्येक उत्तरातून वेगळा अमोनियस उभा राहतो. पहिल्यात सरकारी भाषेत न बसणारा खेडूत आहे, दुसऱ्यात चालता-बोलता ग्रंथ आहे, तिसऱ्यात स्वतःच्या विवेकाशी झगडणारा माणूस आहे, चौथ्यात हुशार लपवणारा. चांगल्या रहस्यकथेत वाचकाला या चारही शक्यता क्रमाने खऱ्या वाटल्या पाहिजेत. एकच उत्तर मनात धरून लिहायला बसलात, तर बाकीची पात्रं त्या उत्तराकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या होतात.

आणि कागदातल्या बारीक गोष्टी सोडू नका. अमोनियसच्या बापाचं नाव कोप्रेउस. ते शेण-केर अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. उकिरड्यावर टाकून दिलेलं मूल उचलून वाढवलं की अशी नावं ठेवत, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. आपल्याकडे जगावं म्हणून मुलाचं नाव केरू, कचरू, दगडू ठेवायचे. मराठी वाचकाला कोप्रेउस समजावून सांगायला तुम्हाला एक वाक्यही लागणार नाही. आणि ऑक्सिरिंकसचे हे कागद सापडले ते शहराबाहेरच्या उकिरड्यांतच.

तिसरी पायरी : चौकशीचा खरा नमुना अभ्यासा

रहस्यकथेला जबान्या, झडती, पंचनामा लागतो. आरंभीच्या ख्रिस्ती इतिहासात असा एक पंचनामा जवळजवळ शब्दशः उरला आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा एखाद्या पोलीस ठाण्यातली डायरी वाचतोय असं वाटलं.

१९ मे ३०३. उत्तर आफ्रिकेतलं सिर्टा, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टंटाइन शहर. मुनातियस फेलिक्स हा नगराधिकारी ख्रिस्ती लोक जमत त्या घरी पोचतो. बिशप पॉल आणि त्यांचे सहकारी समोर आहेत. फेलिक्स ग्रंथ मागतो. बिशप म्हणतात, ग्रंथ वाचकांकडे आहेत. वाचक दाखवा, म्हटल्यावर बिशप म्हणतात, तुम्ही त्यांना ओळखता. फेलिक्स म्हणतो, आम्ही नाही ओळखत. बिशपचं उत्तर असं की सरकारी कचेरीतले कारकून त्यांना ओळखतात, आणि ते कारकुनांची नावंही घेतात.

मग वस्तूंची यादी होते. सोन्याचे २ प्याले, चांदीचे ६ प्याले, चांदीचे दिवे ७, साखळीसह ब्राँझचे दिवे ११, बायकांचे अंगरखे ८२, पुरुषांचे १६, पुरुषांच्या पादत्राणांचे १३ जोड, बायकांच्या पादत्राणांचे ४७. थोडा वेळ या आकड्यांपाशी थांबा. ८२ आणि १६. ४७ आणि १३. हे कपडे कुणाचे? गरीब विधवांना वाटायला ठेवलेले, हा सरळ अंदाज आहे. कादंबरीकाराने त्या घरातल्या बायका शोधायच्या, ज्यांचं नाव कागदात कुठेही नाही.

ग्रंथांच्या खोलीत कपाटं रिकामी निघतात. एक खूप मोठा ग्रंथ तेवढा पुढे येतो. बाकीचे कुठे? दोन उपसेवकांना विचारतात. ते म्हणतात, वाचकांकडे. वाचक कुठे राहतात? माहीत नाही. निदान नावं सांगा. त्यावर ते दोघं म्हणतात, आम्ही दगा देणारे नाही, हे आम्ही इथे उभे आहोत, मारायचं तर मारा. त्यांना अटक होते. मग पथक घरोघर फिरतं: एका घरी ४ ग्रंथ, एका घरी ५, एका घरी ८, एका घरी ५ मोठे आणि २ छोटे. एका घरी बाई स्वतः ६ ग्रंथ आणून देते.

आता कथेची खरी कळ. झडतीच्या वेळी सिल्वानस नावाचा एक उपसेवक चांदीची पेटी आणि चांदीचा दिवा आणून देतो. त्याला तिथेच कुणीतरी सुनावतं की हे सापडलं नसतं तर तू मेला असतास. हाच सिल्वानस पुढे त्याच शहराचा बिशप होतो. वर्षं जातात. त्याच्याच मंडळीतला डीकन (मराठी बायबलमधला 'सेवक', म्हणजे नोकर नव्हे) नुंदिनारियस याच्याशी त्याचं बिनसतं, आणि नुंदिनारियस जुने कागद बाहेर काढतो. १३ डिसेंबर ३२० रोजी, झडतीनंतर १७ वर्षांनी, झेनोफिलस या राज्यपालापुढे चौकशी उभी राहते आणि ३०३ चा पंचनामा भर सुनावणीत वाचला जातो. लाच देऊन पुरोहितपद मिळवल्याची जबानीही त्याच चौकशीत निघते.

हा सांगाडा उचला. नावं बदला, शहर बदला, पण क्रम तोच ठेवा: आधी झडती, मग शांतता, मग बढती, मग घरातलंच भांडण, आणि मग जुना कागद. यात धर्माचा शत्रू नाही. भीतीच्या एका क्षणी घडलेली चूक आणि ती झाकत काढलेली १७ वर्षं आहेत. धर्मगुरूंच्या रहस्यकथेत मला हेच हवं असतं.

चौथी पायरी : आजचा धागा विणा, आणि हस्तलिखिताचा प्रवास आधी ठरवा

बहुतेक लेखक दोन काळांत कथा चालवतात: जुना प्रसंग आणि आजची चौकशी. आजच्या धाग्यात एक हस्तलिखित लागतं. ते कसं दिसतं हे ठरवण्याआधी ते कुणाकुणाच्या हातून आलं हे ठरवा.

जमिनीतून निघण्याच्या खऱ्या तऱ्हा अशा. ऑक्सिरिंकसला, आजच्या अल-बहनसाला, ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज अभ्यासकांनी १८९६-९७ पासून खोदकाम केलं; तिथून पाच लाखांवर तुकडे निघाले आणि त्यांतला अगदी थोडा भाग आजवर छापला गेला आहे. म्हणजे न वाचलेला तुकडा तुमच्या कथेत विद्यापीठाच्या डब्यातच सापडू शकतो, गुहेत जायची गरज नाही. नाग हम्मादीला १९४५ साली शेतकऱ्यांना मडक्यात चामडी बांधणीच्या कॉप्टिक पोथ्या मिळाल्या. मुहम्मद अली या शेतकऱ्याच्या आईने त्यांतली काही पानं चुलीत घातली अशी हकिकत सांगतात. सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या संत कॅथरिन मठातली चौथ्या शतकातली बायबलची प्रत आज चार ठिकाणी विखुरली आहे: लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि तो मठ. लंडनमधला मोठा हिस्सा १९३३ साली सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडांना विकत घेतला गेला, आणि १९७५ मध्ये मठातच आणखी पानं मिळाली.

चोरीही कल्पनेतून काढायला नको. २०१९ साली ऑक्सिरिंकसचे तुकडे सांभाळणाऱ्या इजिप्त एक्स्प्लोरेशन सोसायटीने जाहीर केलं की तिच्या संग्रहातले काही तुकडे परवानगीविना बाहेर गेले आणि वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलच्या संग्रहात आढळले. काही तुकड्यांची तर नोंदीची कार्डं आणि फोटोही नाहीसे झाले होते. दुसरीकडे ठेवलेल्या नोंदींमुळे ते उमगलं. कार्डही चोरायचं हे कुणाला सुचेल? ज्याला कपाट आतून माहीत आहे त्यालाच. तुमचा गुन्हेगार तिथून सुरू होतो.

तुमच्या कथेतल्या तज्ज्ञाने तपासणी कशी करावी? आधी मालकीचे कागद. इजिप्तने १९८३ च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला, त्यामुळे बनावट कागद नेमके त्याआधीच्या तारखांचे असतात. मग प्रत्यक्ष पपायरस: आडवे-उभे धागे, शाई धाग्यांवर बसली आहे की फाटलेल्या कडेवरून खाली ओघळली आहे. ओघळली असेल तर लिहिणं फाटण्यानंतरचं. कार्बन चाचणी पपायरसचं वय सांगते, लिखाणाचं नाही. जुना कोरा तुकडा मिळवून त्यावर आज लिहिता येतं. अक्षरवळणावरून काळ ठरवणारा तज्ज्ञ पन्नास-शंभर वर्षांचा पट्टा देतो. मँचेस्टरमधला योहानकृत शुभवर्तमानाचा प्रसिद्ध तुकडा जेमतेम ९ बाय ६ सेंटिमीटरचा आहे. तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला असं बरीच वर्षं मानलं गेलं, आता काही अभ्यासक तो पट्टा बराच रुंद करतात. तुमच्या तज्ज्ञाने भिंग लावून 'इसवी सन ९४' म्हटलं की जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

आणि सगळ्यात शेवटी मजकूर. २०१२ च्या सप्टेंबरात रोममधल्या कॉप्टिक अभ्यासकांच्या परिषदेत एक छोटा तुकडा मांडला गेला. त्यात येशूच्या तोंडी 'माझी पत्नी' असे शब्द होते. चाचण्यांत पपायरस जुना ठरला. शाईतही उघड दोष दिसला नाही. पकडला गेला तो मजकुरामुळे. त्यातले शब्द थोमाच्या शुभवर्तमानाच्या (बायबलबाहेरच्या एका जुन्या ग्रंथाच्या) इंटरनेटवरच्या एका आवृत्तीतून तोडून जोडलेले होते, आणि त्या आवृत्तीत एक अक्षर चुकून गळलं होतं. तुकड्यातही नेमकं तेच अक्षर गळलेलं. शिवाय त्याच संग्रहातल्या दुसऱ्या तुकड्यातल्या ओळी १९२४ साली छापलेल्या एका पुस्तकातल्या ओळींशी जुळल्या, तेही एकाआड एक. बनावटगिरी करणारा कार्बन चाचणीला पुरून उरला आणि टायपिंगच्या चुकीला फसला. सुगावा असा असावा: डोळ्यांसमोर, लहान, आणि एकदा दिसला की दुसरा अर्थच न उरणारा.

पाचवी पायरी : धर्मगुरूला माणूस म्हणून ओळखा

इथे मला थोडं कठोर व्हावं लागतं. आपल्या रहस्यकथांतला 'पाद्री' एक तर दुष्ट कारस्थानी असतो नाहीतर भोळा संत. वसईत, अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला), गोव्यात जे लोक या माणसांबरोबर वाढले, त्यांना ही चित्रं दुखवतात, आणि कथेलाही त्यांचा उपयोग नसतो.

आधी शब्द नीट करा. कॅथलिक धर्मगुरूला वसईत 'फादर' म्हणतात. तो 'मिस्सा' (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करतो, त्याचा 'धर्मग्राम' (त्याच्याकडे सोपवलेला परिसर) असतो. प्रोटेस्टंट मंडळीत 'पाळक' असतात. गोव्यात इगर्ज (चर्च), पाद्री, कुमसार (पापनिवेदन) हे पोर्तुगीज वळणाचे शब्द आहेत. इ. स. ३०४ च्या प्रकरणांत मात्र यांतलं बरंचसं चालणार नाही. मराठी बायबलमध्ये 'अध्यक्ष', 'वडील', 'सेवक' असे शब्द आहेत. ते त्या काळाला जवळचे वाटतात. 'बिशप' ठेवायचं तर ठेवा, पण मग सबंध पुस्तकभर ठेवा.

काळाच्या चुका सर्वांत जास्त इथे होतात. ३०४ साली जाळीच्या खिडकीआडचं पापनिवेदन नाही. ते लाकडी खोपटं सोळाव्या शतकातलं. त्या काळी मोठ्या पापाचं प्रायश्चित्त मंडळीसमोर, उघडपणे असायचं. धर्मगुरूला बायको-मुलं असणं तेव्हा नवलाचं नव्हतं. गळ्यात येशूची मूर्ती असलेला क्रूस नाही; भिंतीवर मासा, नांगर, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोसला तिसऱ्या शतकातलं एक घरच चर्च म्हणून वापरलेलं सापडलं, भिंतींवरच्या चित्रांसकट. तुमचं चर्च तसं, गल्लीतल्या घरासारखं असू द्या.

आजच्या धाग्यातल्या फादरला मात्र पापनिवेदनाची गोपनीयता आहे, आणि तिच्यासारखा पेच रहस्यकथेला दुसरा नाही. कॅथलिक धर्मविधीच्या संहितेतलं ९८३ वं कलम सांगतं की ही गोपनीयता अभंग आहे. ९८४ वं कलम आणखी पुढे जातं: पापनिवेदनातून कळलेल्या गोष्टीचा वापरही त्या माणसाला बाधेल असा करायचा नाही, भले काही उघड होणार नसलं तरी. म्हणजे फादरला चोराने सांगितलं की मीच तुकडा नेला, तर फादरने पोलिसांना सांगायचं नाही, नजरेने खुणावायचं नाही, आणि ग्रंथालयाच्या किल्ल्याही त्यामुळे बदलून घ्यायच्या नाहीत. सकाळी तोच माणूस ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत उभा राहतो, आणि फादर त्याच्यापुढे हात पुढे करतात. तेवढं एक दृश्य मनापासून लिहा. पाठलागाची दहा पानं कमी करता येतील.

ओळखीच्या एखाद्या फादरांशी किंवा पाळकांशी बसून बोला. रहस्याबद्दल विचारू नका. सकाळी किती वाजता उठता, जेवण कोण करतं, प्रवचन कधी लिहिता, आजाऱ्याकडे रात्री कोण बोलावतं, हे विचारा.

सहावी पायरी : व्हॅटिकनचं भूत उतरवा

ही थोडक्यात. व्हॅटिकनच्या 'सिक्रेट आर्काइव्ह' या दफ्तरखान्याच्या नावातल्या 'सिक्रेट'चा मूळ अर्थ 'खासगी', म्हणजे पोपचं स्वतःचं. २०१९ साली नावच बदलून 'अपोस्टोलिक आर्काइव्ह' केलं. १८८१ पासून अभ्यासक तिथे जात आहेत. पहिल्या तीन शतकांचे कागद तिथे मिळायचे नाहीत, ते इजिप्तच्या वाळूत मिळतात. नायसियाच्या परिषदेने बायबलची पुस्तकं निवडली हेही खरं नाही. तिथे वाद होता तो पुत्र पित्यासारखाच ईश्वर आहे का याचा, आणि ईस्टरच्या तारखेचा. तुमच्या पात्राचा तसा गैरसमज असू शकतो, तुमचा नसावा.

व्हॅटिकन हवंच असेल, तर संत पेत्राच्या महामंदिराखालचं उत्खनन घ्या. १९४० च्या दशकात तिथे रोमन दफनभूमी खणून काढली. कामावर देखरेख करणारे मोन्सिन्योर लुडविग कास यांना हाडांची आबाळ सहन होत नसे. ते उत्खनकांना न सांगता अवशेष गोळा करून पेट्यांत ठेवून देत. पुढे शिलालेखतज्ज्ञ मार्गेरिता ग्वार्दुच्ची यांनी अशाच एका पेटीचा माग काढला, आणि १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांनी पेत्राचे अवशेष ओळखले गेल्याचं जाहीर केलं. अभ्यासकांचं त्यावर आजही एकमत नाही. श्रद्धेपोटी केलेल्या एका कृतीने पुरावा कायमचा हलला. यात खलनायक नाही, तरी गुंता पक्का आहे.

सातवी पायरी : तीन रकाने

लिहायला बसण्याआधी मोठ्या वहीत तीन रकाने आखा: 'खरं', 'शक्य', 'मी रचलेलं'. कादंबरीतली प्रत्येक गोष्ट यांपैकी एकात जाऊ द्या. ५ फेब्रुवारी ३०४ चं प्रतिज्ञापत्र पहिल्यात. अमोनियसला कॉप्टिक येत होतं, हे दुसऱ्यात. त्याची बहीण, ग्रंथ लपवलेलं धान्याचं मडकं, हे तिसऱ्यात. नियम एकच: रहस्याची उकल पहिल्या रकान्याला धक्का लावणार नाही. तिसरा रकाना पहिल्याच्या विरोधात गेला की समजा कथेत भेग पडली.

सुगावे मांडायची माझी पद्धत अशी. शेवट ठरला की त्याला लागणारे पाच-सहा पुरावे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायचे. प्रत्येक चिठ्ठी दोनदा वापरायची: एकदा साध्या तपशिलासारखी, एकदा अर्थासह. सिर्टाच्या यादीतले बायकांचे ४७ जोड तिसऱ्या प्रकरणात नुसते मोजले जातील. ग्रंथ कुणी हलवले हा प्रश्न टोकाला पोचेल तेव्हा कुणाला तरी आठवेल की त्या घरात पुरुषांपेक्षा बायकांची ये-जा कितीतरी जास्त होती, आणि पथकाने तिथल्या एकाही बाईला काही विचारलं नव्हतं.

संवादांबद्दल एक. चौथ्या शतकातली माणसं ऐतिहासिक मराठी नाटकातल्यासारखी बोलू नयेत. 'आज्ञा असावी' वगैरे नको. कोप्रेउसचा मुलगा खेड्यातला आहे, त्याला साधं बोलू द्या. कारकुनाला कचेरीचं बोलू द्या: 'सबब', 'मजकूर इसम', 'लिहून देतो ऐसाजे'. आपल्या जुन्या दस्तऐवजांची ती भाषा रोमन कचेरीला चपखल बसते.

आणि मराठी मुलखाचा धागा?

ओढूनताणून जोडू नका, पण एक खरा धागा आहे. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं की मिरी पिकते त्या 'माले' देशात ख्रिस्ती लोक आहेत, आणि 'कल्लियाना' नावाच्या जागी इराणहून नेमून येणारा बिशप आहे. काही अभ्यासक ही जागा म्हणजे आपलं कल्याण मानतात, काही केरळातलं कोल्लम. कल्याण तेव्हा जुनं, नावाजलेलं बंदर होतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत तिथल्या दात्यांची नावं आहेत. त्या बिशपचं नाव कॉस्मास देत नाही. खाडीकाठी इराणी व्यापाऱ्यांची वखार, बौद्ध भिक्षूंचा शेजार, आणि परक्या भाषेत प्रार्थना म्हणणारा निनावी बिशप: रकाना दुसरा, भरपूर मोकळा. पण मग काळ सहावं शतक. ३०४ चा अमोनियस त्यात घुसवू नका.

आज रात्री काय करायचं

संशोधन पुरं होण्याची वाट पाहू नका. एक दृश्य लिहा, दोन पानांचं. कचेरी. सेरेनसच्या हातात बोरू आहे. मजकूर वाचून झाला आहे, सम्राटांच्या दैवाची शपथ म्हणून झाली आहे. सेरेनस बोरू पुढे करतो. अमोनियस तो घेत नाही, म्हणतो, मला अक्षरं येत नाहीत. सेरेनसने त्याला गेल्याच वर्षी, गच्च भरलेल्या खोलीत, दिव्याजवळ उभं राहून वाचताना पाहिलं आहे. अधिकारी वाट पाहत आहेत. सेरेनस बोरू पुन्हा शाईत बुडवतो आणि लिहू लागतो.